वॉशरला लावलेलं कुलूप

चावीकाका कुणाच्याही घरी गेले, की बसायच्या आधी दाराची कडी बघत. यजमान "या, या" म्हणत असायचे आणि हे आपले दारातच वाकून बिजागरीला बोट लावून पाहत उभे. मग आत येऊन सांगत, "तुमचं दार एका लाथेत उघडेल हं." चहा येईपर्यंत घरातल्या सगळ्यांची तोंडं उतरलेली असत. लोक त्यांना फारसे बोलावत नसत, ते काही उगीच नाही.

माणूस वाईट नव्हता, धंदाच तसला. उभा जन्म दुसऱ्यांची अडलेली दारं उघडण्यात गेला. वाऱ्याने दार लागलं आणि चावी आतच राहिली, चावी कुलपात मोडली, नवरा-बायकोचं वाजलं आणि एकाने आतून कडी घातली. काहीही झालं, की बाजारातल्या जिन्याखालच्या त्या टीचभर दुकानात फोन वाजायचा आणि काका पिशवी उचलून निघायचे. आता ज्याला कुठलंही कुलूप दोन तारांनी उघडता येतं, त्याला बंद असं घर दिसणार कुठून? इतर माणसं दार लावून निर्धास्त झोपतात. काकांच्या मते ती सगळी उघड्यावरच झोपलेली होती, फक्त त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. ते काम काकांनी स्वतःकडे घेतलं होतं.

त्यांच्या स्वतःच्या दाराला पाच कुलपं होती. त्यांतली दोन त्यांनी हाताने घडवलेली. धंद्यातली भली भली माणसं त्या दोहोंपुढे हात टेकत. चाव्यांचा जुडगा एकच आणि तो कमरेला. बायको होती तोवर तिच्याकडे दुसरा जुडगा असे. ती गेली, तो जुडगा कुठे मिळेना, तेव्हा काकांनी पाचही कुलपं बदलली. पुढे जुडगा तिच्या शिवणाच्या डब्यात सापडला, पण तोवर त्याने काहीच उघडत नव्हतं. नव्याचा दुसरा जुडगा त्यांनी केलाच नाही. एकुलती एक लेक, पण तीसुद्धा बापाकडे आली की बेल वाजवायची आणि आतून एकेक कुलूप निघेपर्यंत जिन्यात ताटकळायची. लेकीवर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. लेकीच्या पर्सवर नव्हता. पर्स चोरीला जाते.

लेकही काही कमी नव्हती. ती पूल तपासायची. हातोडीने खांब ठोकायचे, आवाज ऐकायचा आणि आतून कुठे पोकळ झालंय ते सांगायचं, अशी तिची नोकरी. म्हणजे संशय घेण्याचा तिला पगार मिळे; बापाला तो फुकटात घ्यावा लागे, एवढाच काय तो फरक. या कामापायी ती आठवडेच्या आठवडे बाहेरगावी असे. तिच्या घरात माणसापेक्षा धूळ जास्त राहायची. "माझ्याकडे येऊन राहा" असं ती म्हणायची, पण त्या दोघांनाही माहीत होतं, की तिकडे जाऊन काका एकटेच राहणार.

आणि वॉशर. वॉशर म्हणजे कुत्रा. पिल्लू असताना दुकानात शिरला आणि वॉशरच्या डब्यात गुंडाळी करून झोपला, म्हणून बायकोने हे नाव ठेवलं. पुढे वाढून वाढून किती वाढला, तर दोन ओंजळींत मावेल एवढा. होता बायकोचा. ती गेल्यावर काकांच्या गळ्यात पडला. काका त्याला दिवसभर रागावत आणि ताटातला सगळ्यात चांगला घास त्याच्यापुढे ठेवत. घरात दुसरं कुणी बोलायला नसलं, की रागावण्याचंही सोबतीसारखं होतं.

गेल्या हिवाळ्यात काका स्वयंपाकघरात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ओरडून ओरडून घसा बसला, मग शुद्ध गेली. वॉशर भुंकत राहिला म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळलं आणि शेवटी दार फोडून त्यांना बाहेर काढलं. दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा लेक उशाशी होती. काकांनी पहिलं विचारलं, "दार कुणी फोडलं?" आणि ती उत्तर देण्याआधीच दुसरं, "कुठलं कुलूप तुटलं?" दाराला पहार लावली होती, दार चौकटीसकट गेलं, हे ऐकून ते कळवळले. खुब्यापेक्षा जास्त. लेक उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. घरी आल्यावर काकांनी नवं दार बसवून घेतलं आणि कुलपं सहा केली.

त्या अंथरुणात पडल्या पडल्याच पुस्तक झालं. काकांचे किस्से ऐकून हसणारा एक प्रकाशक होता. कधीकाळी स्वतःच्याच कचेरीबाहेर अडकला होता, तेव्हाची ओळख. लेकीने फोनवर काकांचं बोलणं टिपून घेतलं, प्रकाशकाने ते नीट लावून छापलं. नाव ठेवलं 'दार लागलं, चावी आत'. आणि काय सांगावं, लोकांनी ते उचललं! प्रकाशक खूश. म्हणाला, गावोगाव फिरा, वाचनालयांत बोला, दुकानांत सह्या करा. लेक म्हणाली, मी रजा घेते, गाडी मी चालवते.

इथे काकांच्या मनात पाल चुकचुकली. ही पोर तापाने फणफणली तरी रजा घेत नाही. आता बापाच्या पुस्तकासाठी घेतेय? खडा टाकून पाहावा म्हणून ते म्हणाले, "वॉशर बरोबर असेल तरच मी येणार."

"हो, तो हवाच," लेक म्हणाली.

म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. एरवी ती 'वॉशर पायात येतो बाबा, त्याच्यापायी तुम्ही पुन्हा पडाल' असं चारचौघांत म्हणणारी. वर तिने वॉशरसाठी नवी गादी घेतली, त्याला डॉक्टरांकडे नेऊन सगळ्या लसी टोचून आणल्या, नखं कापली, आंघोळ घातली. काकांनी आयुष्यभर गिऱ्हाइकं पाहिली होती. माणूस वस्तू अशी घासूनपुसून केव्हा ठेवतो, तर ती दुसऱ्याला द्यायची असते तेव्हा.

दौरा सुरू झाला. पहिल्या गावात वाचनालय होतं. लाकडी कपाटं, लोखंडी खुर्च्या, भिंतीवर 'शांतता राखा'. काका बोलायला उभे राहिले आणि वॉशरने टेबलाखालून भुंकायला सुरुवात केली. लेक लगेच पुढे आली. "मी त्याला बाहेर फिरवून आणते." कार्यक्रम संपला, सह्या झाल्या, पाणी प्यायलं, तरी दोघांचा पत्ता नाही. आली तेव्हा तिला धाप लागलेली. काकांनी वॉशरला उचलून हुंगलं. त्याच्या अंगाला बामाचा वास येत होता.

"कुठे गेला होतात?"

"इथेच. चक्कर मारली."

"चक्कर मारून कुत्र्याला बाम लागतो?"

"कुणीतरी लाड केले असतील बाबा, रस्त्यात. चला, उशीर होतोय."

दुसऱ्या गावात पुस्तकांचं दुकान होतं. पुन्हा तेच. या खेपेला वॉशर पावडरचा वास घेऊन आला आणि त्याच्या पट्ट्यात विणायच्या लोकरीचा करडा धागा अडकलेला. काकांनी तो धागा चिमटीत धरून चष्म्याजवळ नेला आणि हिशेब जुळवला. कुणीतरी म्हातारी. सांधे दुखतात. विणत बसते. एकटी आहे आणि तिला कुत्रा हवाय. पण आधीच्या गावातली म्हातारी वेगळी आणि इथली वेगळी, म्हणजे लेक वॉशरला घेऊन गावोगाव घरं दाखवत हिंडतेय आणि त्यातल्या त्यात बरं घर निवडणार आहे. बापाला भाषणात गुंतवून!

त्या दिवशी उतरायच्या जागी जेवताना काकांनी अर्धीच पोळी खाल्ली. लेकीने दोनदा विचारलं, बरं नाही का. तिचा फोन वाजला, ती उठून गच्चीत गेली. काकांनी काठी न वाजवता दारापर्यंत मजल मारली.

"हो, लहानच आहे," लेक फोनवर सांगत होती. "भुंकतो, पण चावत नाही. लसी सगळ्या झाल्यात. खोलीत राहू देणार ना? तेवढं मला पक्कं हवं… नाही, बाबांना अजून सांगितलं नाही. सांगेन."

काका परत येऊन खुर्चीत बसले. वॉशर येऊन त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपला, रोजच्यासारखा. तसं पाहिलं तर काय होतं त्या कुत्र्यात? ना राखणीचा, ना शिकारीचा, झुरळाला घाबरायचा. पण घरात पाऊल टाकल्यावर आता कुणाचं तरी शेपूट हलेल, एवढाच दिवसाचा आनंद उरला होता. तोही ही काढून घ्यायला निघाली होती, आणि तेही ताकास तूर लागू न देता. एखाद्याने लेकीला सरळ विचारलं असतं. काका कुलूपवाले होते. त्यांनी कुलूप लावलं.

पिशवीच्या तळाशी जुन्या सूटकेसचं एक पितळी कुलूप होतं, नखाएवढं. सकाळी त्यांनी ते वॉशरच्या पट्ट्यात आणि साखळीत अडकवलं आणि साखळीचं दुसरं टोक स्वतःच्या कमरपट्ट्याला. लेक बघतच राहिली.

"हे काय?"

"चोऱ्या वाढल्यात."

"कुत्र्यांच्या?"

"सगळ्याच्याच," काका तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले. तिने नजर वळवली. काकांना मनातल्या मनात बरं वाटलं, आणि वाईटही.

तिसरा कार्यक्रम मोठ्या दुकानात होता. समोर पुस्तकांची चळत, पाण्याचा तांब्या, फुलदाणी, खुर्च्या भरलेल्या. कमरेला कुत्रा बांधून भाषण कसं करायचं, म्हणून काकांनी तेवढ्यापुरती साखळी टेबलाच्या पायाला बांधली आणि तिथेही एक कुलूप घातलं. मग निर्धास्त मनाने बोलायला लागले. लोकही रंगले होते. इतक्यात वरच्या फळीवरून दुकानाचं मांजर खाली उतरलं.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. वॉशर केवढा आणि टेबल केवढं, पण हललं! आधी फुलदाणी गेली, मग तांब्या, मग पुस्तकांची चळत त्या पाण्यात. पहिल्या रांगेतल्या बायका पाय वर घेऊन बसल्या. साखळीचा टेबलाला वेढा बसला आणि वॉशर त्यात असा आवळला गेला, की भुंकण्याचा नुसता घरघराट व्हायला लागला. "चावी! बाबा, चावी!" लेक ओरडली. काकांनी हा खिसा पाहिला, तो खिसा पाहिला, सदरा चाचपला. चावी मिळेना. आख्ख्या जन्मात कुणाची चावी न हरवलेला माणूस भर सभेत स्वतःच्या कुलपापुढे चाचपडत उभा राहिला आणि लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. हशा पिकला, टाळ्या पडल्या. शेवटी लेकीने गुडघ्यावर बसून टेबल खांद्याने उचललं आणि साखळी सोडवली. चावी चष्म्याच्या डबीत होती.

त्या दिवशी पुस्तकं हातोहात खपली, भिजलेलीसुद्धा. दुकानदार आधी लालबुंद झाला होता, मग काकांच्या पाठीवर थाप मारून गेला. लेक मात्र हसली नाही.

"त्याचा श्वास कोंडला असता," एवढंच म्हणाली. "तुम्हाला कळतं का, समोर दिसतंय आणि उघडता येत नाही म्हणजे काय होतं ते?"

"मला नाही कळणार तर कुणाला?" काका गुरगुरले. पण आवाजात जोर नव्हता.

तिने बराच वेळ वॉशरच्या मानेवरून हात फिरवला. मग काहीतरी ठरवल्यासारखी म्हणाली, "ठीक आहे. मग उद्या तुम्हीपण चला."

"कुठे?"

"एक कार्यक्रम आहे. प्रकाशकांच्या यादीत नाही. मी ठरवलाय."

आता कसं! म्हातारी सापडली तर. काकांनी दोन्ही कुलपं पुन्हा तपासली, चाव्या या वेळी सदऱ्याच्या खिशात, हृदयाशी. भांडायची सगळी वाक्यं त्यांनी गाडीत बसून मनात घोकली. कुत्रा माझ्या बायकोचा आहे. मी मेल्यावर न्या. वगैरे.

गावाबाहेर एक बैठं, पसरट घर होतं. पुढे बाग, कडेला फरशीची वाट. आत एका उजेडाच्या दालनात पंधरावीस माणसं आधीच येऊन बसली होती, सगळी काकांच्या वयाची, काही पुढचीच. निवृत्त लोकांचं मंडळ असावं. काकांनी सगळ्या बायकांकडे रोखून बघितलं. विणणाऱ्या एकीपेक्षा जास्त होत्या. बामाचा वास तर अख्ख्या दालनाला. कुणावर संशय घ्यावा हेच कळेना.

वॉशरचं मात्र राज्य सुरू झालं. हा बोलावतोय, ती बिस्किट देतेय. साखळी पुरेल तितका तो सगळ्यांच्या पायांत फिरला. काका बोलले आणि झकास बोलले. या लोकांना घाई नव्हती, मध्येच उठून जाणारं कुणी नव्हतं. शेवटी एका आजींनी हात वर केला.

"माझ्या खोलीचं दार आतून लागतच नाही हो. काय करू?"

"कडी बदलून घ्या," काका म्हणाले. "आजच."

सगळे हसले. आजी नाही हसल्या. दाराशी उभ्या असलेल्या तिथल्या व्यवस्थापक बाई जरा खाली बघून हसल्या. काकांना वाटलं, आपलं उत्तर आवडलं.

चहा आला. वॉशर एका आजोबांच्या मांडीवर शांत झोपला होता, त्याला उठवायचं जिवावर आलं, म्हणून काकांनी साखळी खुर्चीला अडकवून कुलूप घातलं आणि न्हाणीघराकडे गेले. सवयीने आधी दार पाहिलं. दार बाहेरच्या बाजूला उघडत होतं. काका थबकले. आतली कडी साधीच, अंगठ्याने फिरवायची, पण तिच्या बाहेरच्या टोकाला बारीक खाच होती. नाणं घालून फिरवलं, की बाहेरून उघडावी अशी. असं दार कुठे बसवतात हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आतलं माणूस पडून दाराला टेकलं, तरी बाहेरच्याला उघडता यावं म्हणून असतं ते. अशी दारं त्यांनी स्वतः बसवली होती.

ते बाहेर येऊन खोल्यांच्या ओळीतून चालत गेले. एकाही दाराला कुलूप नव्हतं. गोल मुठींच्या जागी लांब दांड्या, बोटांत बळ नसलं तर कोपराने दाबता येतील अशा. आणि पलीकडे काचेतून बाहेरचं फाटक दिसत होतं. त्याला मात्र आकड्यांचं भक्कम कुलूप, चांगलं खांद्याच्या वर लावलेलं.

घरं शोधत हिंडत होती लेक, ते खरंच होतं. पण कुत्र्यासाठी म्हातारी शोधत नव्हती. म्हाताऱ्यासाठी खोली शोधत होती.

"अरे, तुम्ही इकडे आलात?" मागून व्यवस्थापक बाई आल्या. "बरंच झालं. खोली दाखवू का? बागेकडे उघडते. कुत्र्याला सोयीचं पडेल. तुमच्या मुलीने फोनवर सगळ्यांत आधी तेच विचारलं होतं, कुत्र्याला खोलीत राहू देणार का म्हणून."

"मला खोलीबिली काही बघायची नाही," काका म्हणाले आणि वळले. दालनात येऊन त्यांनी आजोबांच्या मांडीवरून वॉशरला उचललं. साखळीचं कुलूप काढताना चावी दोनदा निसटली. लेक समोर उभी होती. तिला एका नजरेत कळलं. तिने त्यांची काठी उचलून आणली.

फाटकाशी तर कमालच झाली. तसलं आकड्यांचं कुलूप काकांनी एरवी बोलता बोलता उघडलं असतं. पण बोटं ऐकेनात. शेवटी व्यवस्थापक बाईंनी येऊन आकडे दाबले आणि हळूच म्हणाल्या, "सावकाश जा हं."

गाडी निघाली. गाव मागे पडलं.

"कधीपासून चाललंय हे?" काकांनी विचारलं.

"तुम्ही दवाखान्यातून घरी आल्यापासून."

"म्हणजे पुस्तक, दौरा, सगळं सोंग!"

"पुस्तक खरं आहे बाबा. दौराही खरा. गावं तेवढी मी निवडली."

"जिथे जिथे असले कोंडवाडे आहेत ती."

"हो."

"सरळ विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही सातवं कुलूप लावलं असतंत."

खरंच लावलं असतं.

"मग आधीच्या गावांतच का नाही टाकलंस मला?" काकांचा आवाज चढला. "भाषण संपेपर्यंत थांबायचं तरी कशाला?"

"ते कुत्रा घ्यायला तयार नव्हते. आधी प्रत्यक्ष बघू म्हणायचे, म्हणून त्याला घेऊन जात होते. बघितल्यावर लाड करायचे, आणि मग म्हणायचे, बाहेर पडवीत बांधा. मी म्हटलं, तो बाबांच्या पायावर झोपतो. पडवीत नाही चालणार."

काका खिडकीबाहेर बघत राहिले. ज्या पोरीच्या मागे ते हेरासारखे फिरले, ती वॉशरला त्यांच्यापासून तोडायला नाही, दोघांना एकत्र ठेवायला वणवण करत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली, की माणूस आणखीच तिरमिरतो.

"ते काही असो. मला माझं घर आहे. मी काही पुन्हा पडत नाही."

लेकीने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. बाजूने ट्रक जात होते, गाडी हलत होती.

"दार कुणी फोडलं, असं विचारलं होतंत ना तुम्ही?"

"शेजाऱ्यांनी फोडलं."

"मी फोडलं."

काकांनी मान वळवली.

"त्या दिवशी मी कामावरून थेट तुमच्याकडेच आले होते, न कळवता. बेल वाजवली. आत वॉशर भुंकत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, सकाळपासून भुंकतोय. मी तुमच्या हाताखाली शिकलेल्या त्या चावीवाल्याला बोलावलं. तो धावत आला. त्याने तीन कुलपं उघडली बाबा. चौथ्यापाशी थांबला. म्हणाला, ही काकांनी घडवलेली आहेत, ही नाही उघडायची कुणाला. आणि त्याच्या तोंडावर कौतुक होतं. त्याला कळलंसुद्धा नाही, पण होतं."

ती समोरच्या काचेकडे बघत पुढे बोलायला लागली.

"तेवढ्यात आत वॉशर गप्प झाला. मी तुम्हाला हाका मारत होते, तुम्ही ओ देत नव्हता. मग मी तुम्हाला हाका मारणं सोडलं. दाराच्या फटीला तोंड लावून त्याला हाका मारायला लागले. वॉशर, वॉशर. म्हटलं, तो तरी भुंकू दे. भुंकला की वाटायचं, आत अजून कुणीतरी आहे. पहार मी मागवली. पहिला घाव मीच घातला. लोक म्हणत होते, ताई तुम्ही बाजूला व्हा."

"मला… कुणी बोललं नाही हे."

"तुम्ही कुलपाचं विचारलंत."

काकांच्या डोळ्यांपुढे ती माणसं आली, जन्मभर जिन्यांत पाहिलेली. आत तान्हं मूल राहिलेली आई. आत आजारी बायको असलेला म्हातारा. ती दार बडवत असायची, रडत असायची, आणि काका जिना चढून वर आले, की त्यांच्याकडे अशी बघायची, जणू आता सगळं ठीक होणार. काका म्हणायचे, "बाजूला व्हा", आणि दार उघडायचं. दरवेळी उघडायचं. त्या माणसांत आपली पोर कधी उभी होती, हे त्यांना माहीतच नव्हतं. आणि तिच्या वेळी वर येणारं कुणी नव्हतं. ज्याला यायचं होतं, तोच आत पडला होता.

त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मागच्या सीटवरून वॉशर दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

"गाडी वळव," काका म्हणाले.

"आता कुठे?"

"त्या बाईंकडे. ती खोली बघायची राहिली." मग पुढे म्हणाले, "बाहेरून नीट उघडते ना, तेवढं तपासून घेतो."